रोप अनुदानाचे, उन्हाळा शहराचा

जानेवारी २०२६ मध्ये राज्यातल्या २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या. चार-पाच वर्षांच्या प्रशासकीय राजवटीनंतर बहुतेक शहरांत पुन्हा नगरसेवक आले. अशा नव्या सभागृहापुढे रस्ते, पाणी, कचरा यांच्या विषयांमागे उद्यान विभागाचाही एक विषय येतो: वृक्षलागवडीसाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या योजनेतून निधी मागायचा का? वरवर पाहता यात चर्चेला जागाच नाही. पैसे मिळत असतील तर मागावेत, झाडे लावावीत. पण गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रात या प्रश्नाभोवती खराखुरा वाद उभा राहिला आहे. त्यात एकीकडे पर्यावरणवादी आणि दुसरीकडे प्रशासन अशी सरळ विभागणीही नाही. झाडांवर जीव असलेली माणसे दोन्ही बाजूंना आहेत आणि दोघांकडेही ऐकण्यासारखे काही आहे. म्हणूनच हा वाद आज कुठे येऊन ठेपला आहे ते नीट मांडून पाहायला हवे.

कायद्याने दिलेला पैसा

अनुदानाची चर्चा करताना एक गोष्ट हमखास मागे पडते. महाराष्ट्रातल्या शहरांकडे झाडांसाठी स्वतःचा पैसा असावा, अशी तरतूद पन्नास वर्षांपूर्वीच झाली आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ चा. याच कायद्याने शहराशहरांत वृक्ष प्राधिकरण आले, दर पाच वर्षांनी वृक्षगणना आली आणि मालमत्ताकराच्या बिलात दिसणारा वृक्ष उपकरही आला. उपकर, परवानगीचे शुल्क आणि अनामत रकमा वृक्ष निधीत जमा व्हाव्यात आणि त्यातून रोपवाटिका, लागवड, देखभाल चालावी, अशी ही रचना आहे. शहराने आपली झाडे आपल्या पैशाने सांभाळावीत, हे त्यामागचे गृहीतक.

प्रत्यक्षात हा निधी बहुतेक ठिकाणी बागा, कारंजी, सुशोभीकरण आणि धोकादायक फांद्यांची छाटणी यांतच वाटला गेला. वृक्ष प्राधिकरणाचा बराचसा वेळ झाडे तोडण्याच्या अर्जांवर निर्णय देण्यात गेला. प्राधिकरणावर तज्ज्ञ असावेत की नाहीत, आयुक्तांना एकट्याने किती झाडांची परवानगी देता यावी, यावरून मुंबईत प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. लागवड आणि जोपासना ही प्राधिकरणाचीच जबाबदारी, हे सभांच्या कार्यपत्रिकेवर क्वचितच दिसले.

२०२१ मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ असा दर्जा मिळाला. झाड तोडायचे असेल तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची, ती ६ ते ८ फूट उंचीची असावीत, त्यांचे जिओटॅगिंग करावे आणि सात वर्षे ती सांभाळावीत, असे बंधन आले. सात वर्षांचा हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. बदली झाडाने मूळ धरायला किती काळ लागतो याचा अंदाज कायद्यानेच इथे मांडला आहे. अनुदानाच्या योजनांचे वेळापत्रक मात्र एवढे लांब क्वचितच असते.

मोहिमांची चार वर्षे

लागवडीला सरकारी निधी या विषयाला सार्वजनिक रूप आले ते २०१६ ते २०१९ या काळात. तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या पुढाकाराने १ जुलै २०१६ रोजी दोन कोटी रोपांपासून मोहीम सुरू झाली. पुढच्या वर्षी लक्ष्य चार कोटींवर गेले, मग तेरा कोटींवर आणि २०१९ मध्ये तेहेतीस कोटींवर. वनविभागासोबत ग्रामपंचायती, शाळा, महामंडळे, नगरपालिका अशा सगळ्यांना उद्दिष्टे वाटून दिली गेली.

या मोहिमेबद्दल दोन मते आजही कायम आहेत. राज्याच्या इतिहासात झाड हा विषय इतक्या घरांत, इतक्या शाळांत पूर्वी कधी पोहोचला नव्हता, हे एक मत. उद्दिष्ट मोठे झाले की खड्डे आणि रोपे यांचा आकडाच कामाचा पुरावा ठरतो, हे दुसरे. सरकार बदलल्यावर २०२१ मध्ये विधिमंडळाच्या समितीकडून चौकशीची घोषणा झाली, त्यामुळे विषयाला राजकीय रंग चढला आणि मूळ मुद्दा बाजूला पडला. तरीही या सगळ्यातून एक चांगली गोष्ट राहिली. ‘किती लावली?’ या प्रश्नाच्या जागी ‘किती जगली?’ हा प्रश्न सामान्य माणूसही विचारू लागला.

आज निधी कुठून येतो

शहराला लागवडीसाठी मिळू शकणारा सार्वजनिक पैसा आज अनेक वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेची अट वेगळी असते.

सर्वांत ठळक योजना ‘नगर वन’. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ती ५ जून २०२० रोजी जाहीर केली, तेव्हा नमुना म्हणून पुढे ठेवले होते ते पुण्यातले वारजे येथील स्मृतिवन. वनविभागाच्या चाळीसेक एकर उजाड टेकडीवर महापालिका, स्वयंसेवी संस्था आणि उद्योग यांनी मिळून तिथे झाडी उभी केली. सुरुवातीला दोनशे नगर वनांची घोषणा होती. पुढे २०२४-२५ पर्यंत ६०० नगर वने आणि ४०० नगर वाटिका असे लक्ष्य ठरले. पैसा येतो राष्ट्रीय कॅम्पा निधीतून, म्हणजे वनजमीन इतर कामांसाठी वळवताना जमा झालेल्या भरपाईतून, आणि त्याचा दर हेक्टरी ४ लाख रुपये आहे. नगर वाटिका १ ते १० हेक्टरची, नगर वन १० ते ५० हेक्टरचे. म्हणजे आधी एवढी सलग जागा हवी.

दुसरी वाट अमृत योजनेची. २०१५ मध्ये पाचशे शहरांसाठी ती सुरू झाली. पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण हा तिचा गाभा, पण अडीच टक्क्यांपर्यंत रक्कम हरित जागा आणि उद्याने यांसाठी ठेवता येत असे. मध्यम शहरांत गेल्या काही वर्षांत दिसू लागलेल्या बऱ्याच छोट्या बागा यातूनच आल्या. तिसरी वाट हवेच्या गुणवत्तेची. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आणि पंधराव्या वित्त आयोगाचे दशलक्षी शहरांसाठीचे अनुदान यांत हरितीकरण हा मान्य खर्च आहे. मात्र सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२४ मध्ये केलेल्या पाहणीत या कार्यक्रमाच्या खर्चातला ६४ टक्के वाटा रस्त्यावरच्या धुळीच्या कामांकडे गेल्याचे दिसले होते.

राज्याचे ‘माझी वसुंधरा अभियान’ याहून वेगळे आहे. २ ऑक्टोबर २०२० पासून चाललेल्या या अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या चौकटीत शहरांना आणि गावांना गुण दिले जातात आणि चांगल्या कामाला बक्षिसाची रक्कम मिळते. इथे पैसा कामाआधी येत नाही, कामानंतर येतो. या फरकाकडे पुढे पुन्हा यावे लागेल. याशिवाय कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी आहे. तो सार्वजनिक अनुदान नसला तरी नगरपालिकेच्या दृष्टीने त्याच टेबलावर येतो.

घ्यावे म्हणणाऱ्यांचे म्हणणे

अनुदानाच्या बाजूने पहिला मुद्दा साधा आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य नगरपरिषदांचे उत्पन्न पगार, वीजबिल आणि पाणीयोजनेच्या देखभालीतच संपते. ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या वृक्ष उपकरातून एक माळी ठेवणेही कठीण. अशा गावाने स्वतःच्या बळावर दहा हेक्टरची झाडी उभी करावी, ही अपेक्षा कागदावरच राहील. कॅम्पाचा पैसा जंगल गमावल्याची भरपाई म्हणून गोळा झाला आहे. तो शहराच्या कडेला झाडे होऊन परत येत असेल तर नाकारायचा कशाला?

दुसरा मुद्दा उष्म्याचा, आणि तो भावनेचा नाही. बंगळुरूत पर्यावरण-अभ्यासक हरिणी नागेंद्र आणि सहकाऱ्यांनी रस्त्यांवर मोजमाप केले. दुपारच्या वेळी झाडे असलेल्या रस्त्यावरची हवा झाडे नसलेल्या रस्त्यापेक्षा ५.६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड आढळली. डांबराच्या पृष्ठभागातला फरक तर २७.५ अंशांपर्यंत गेला. नागपूर, चंद्रपूर, जळगाव, अकोला इथे एप्रिल-मेच्या दुपारी भाजीची गाडी घेऊन उभ्या असलेल्या बाईसाठी हा फरक काय असेल ते वेगळे सांगायला नको. सावलीचा हा लाभ मिळायला झाड वाढावे लागते, त्याला दहा-पंधरा वर्षे जातात. स्वतःचा निधी साठेपर्यंत थांबलेले शहर तेवढी वर्षे गमावते.

तिसरा मुद्दा अधिकारीवर्गाकडून ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. बाहेरचा पैसा आला की शिस्त येते. प्रकल्प अहवाल करावा लागतो, जागेचा उतारा जोडावा लागतो, छायाचित्रे आणि जिओटॅग द्यावे लागतात, उपयोगिता प्रमाणपत्राशिवाय पुढचा हप्ता येत नाही. शहराच्या स्वनिधीतून होणाऱ्या लागवडीला असा चाप बहुधा नसतो.

तिसऱ्या उन्हाळ्याचा हिशेब

सावध राहायला सांगणाऱ्यांचा सगळा भर एकाच ठिकाणी आहे: अनुदान उभारणीला मिळते, झाडाचा खर्च जगवण्यात असतो.

एका रोपाच्या खड्ड्यापाशी उभे राहून हे पाहू. मुरमाड जमीन, मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा. त्यात पोयटा आणि शेणखत, पाच-सहा फुटांचे कडुनिंबाचे किंवा करंजाचे रोप, आधाराला बांबू, सुतळीचा फास, भोवती लोखंडी पिंजरा. पहिल्या पावसाळ्यात ते तरारते. पहिल्या उन्हाळ्यात लोकांचे, अधिकाऱ्यांचे, ठेकेदाराचेही लक्ष असते, टँकर येतो. दुसऱ्या उन्हाळ्यात टँकरच्या फेऱ्या कमी होतात. तिसऱ्या उन्हाळ्यात बहुधा देखभालीचा करार संपलेला असतो. मुळे अजून खालच्या ओलाव्यापर्यंत गेलेली नसतात. न सोडलेली सुतळी सालीत रुतलेली असते. पिंजऱ्याची कडी खोडाला घासत असते. बांबू वाळवीने खाल्लेला असतो. झाड जाते ते इथे, आणि तोवर त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र केव्हाच सादर झालेले असते.

आता आकडे. नगर वनाच्या हेक्टरी ४ लाखांत कुंपण, मृद्-जलसंधारण, लागवड सगळे बसवायचे आहे. तीन मीटर अंतराने रोपे लावली तर हेक्टरी अकराशेच्या आसपास बसतात, म्हणजे सगळा खर्च धरून रोपामागे साधारण ३६० रुपये. पाण्याचेही पाहू. रोपाला आठवड्याला २० लिटर पाणी द्यायचे आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत एकोणीस आठवडे द्यायचे, असे धरले तर एका उन्हाळ्यात रोपामागे ३८० लिटर होतात. हजार रोपांना ३ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे ३८ टँकर. तीन उन्हाळे म्हटले तर शंभराच्या वर टँकर, केवळ हजार रोपांसाठी. हे पाणी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून येणार की पिण्याच्या टाकीतून, टँकरचे डिझेल कोणत्या लेखाशीर्षात पडणार, हे प्रस्ताव पाठवण्याआधी ठरलेले असायला हवे. माझ्या मते अर्ज करावा की नाही याचे निम्मे उत्तर या एका हिशेबात आहे.

लातूरचे उदाहरण इथे टाळता येत नाही. एप्रिल २०१६ मध्ये या शहराला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. राज्यातले सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी हा एक जिल्हा, म्हणजे झाडांची गरज सर्वांत मोठी. आणि ती गरज भागवायला पाणी मात्र सर्वांत कमी. मराठवाड्यातल्या शहराने निधी मागताना कोकणातल्या शहराचा नमुना उतरवून चालत नाही, हे तिथल्या लोकांनी सोसून शिकलेले आहे.

वेळापत्रक ही दुसरी अडचण. आपल्याकडे लागवडीचा हंगाम जून-जुलैचा. आर्थिक वर्ष मात्र मार्चला संपते. मंजुरी दिवाळीच्या सुमारास आली, निविदा डिसेंबरात निघाली आणि कार्यादेश जानेवारीत मिळाला, तर मार्चअखेरच्या आत खर्च दाखवण्यासाठी ऐन उन्हाच्या तोंडावर रोपे लावली जातात. यात कुणाची बदनियत असतेच असे नाही. निधी परत जाईल ही भीती पुरेशी असते. या कारणासाठी काही जणांना ‘माझी वसुंधरा’सारखी कामानंतर रक्कम देणारी पद्धत जास्त योग्य वाटते. तिच्यावरचा आक्षेपही तितकाच खरा आहे. आधी खर्च करायला ज्याच्याकडे पैसा आहे तेच शहर बक्षीस मिळवते.

कुठे लावायची, कोणती लावायची

पुणे परिसरातल्या टेकड्यांवर या वादाची आणखी एक बाजू दिसते. वनविभागाने तिथे काही दशकांपूर्वी ग्लिरिसिडिया मोठ्या प्रमाणावर लावला. मूळचे मध्य अमेरिकेतले हे झाड भराभर वाढते, गुरे त्याला फारसे तोंड लावत नाहीत, त्यामुळे तळजाई आणि वेताळ टेकडीचे उतार लवकर हिरवे झाले. आज अनेक वनस्पतिअभ्यासक म्हणतात की त्याच्या दाट गर्दीत सालई, धावडा, मेढशिंगी, पळस यांना जागा उरली नाही आणि खालचे गवत गेले. उलट बाजूने असेही म्हटले जाते की तेव्हा ही झाडी उभी राहिली नसती तर टेकड्यांवर सरळ बांधकामे चढली असती. दोन्ही म्हणण्यांत अनुभव आहे.

त्याहून मूलभूत प्रश्न गवताळ माळांचा आहे. सरकारी कागदांत माळ ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो आणि लागवडीच्या योजनांना सलग जागा हवी असते, त्यामुळे नजर आधी माळाकडे जाते. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुने मराठी ग्रंथ, कथा आणि लोकगीते यांतले वनस्पतींचे उल्लेख तपासले. त्यांच्या निष्कर्षानुसार पश्चिम महाराष्ट्रातले विरळ झाडांचे हे गवताळ प्रदेश किमान साडेसातशे वर्षे जुने आहेत. म्हणजे जंगल तुटून माळ झाला, हे इथे सरसकट खरे नाही. माळढोक, लांडगा, धाविक, चंडोल यांचे घर असलेल्या जागेवर दाट झाडी लावणे हा त्या जागेचा ऱ्हास ठरू शकतो. सोलापूर, अहिल्यानगर, पुणे जिल्ह्यांतल्या शहरांना प्रस्ताव करताना हा मुद्दा डावलता येणार नाही. योजनेच्या अर्जात मात्र तो विचारला जात नाही.

मियावाकी पद्धतीचा वाद याच धाग्यातला. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत चौरस मीटरला तीन किंवा जास्त रोपे लावतात, म्हणजे एका एकरात बारा हजारांवर. मुंबई महापालिकेने २०२० पासून अशी घनवने मोकळ्या भूखंडांवर उभी केली. कमी जागेत दोन-तीन वर्षांत हिरवी भिंत उभी राहते, धूळ-आवाज अडतो, हे त्याचे बलस्थान. पहिल्या टप्प्यातला मोठा खर्च, खाली बसायला-खेळायला जागा न उरणे आणि पाऊस कमी असलेल्या पठारावर ही घनता मुळात नैसर्गिक नसणे, या हरकती आहेत. मला आणखी एक गोष्ट खटकते. रोपांच्या संख्येवर गुण किंवा निधी ठरत असेल, तर एकरात बारा हजार दाखवणारी पद्धत इतर सगळ्या पद्धतींवर आपोआप मात करते, जागा तिला योग्य असो वा नसो.

आधी असलेली झाडे

या वादातला चौथा आवाज अनुदानाला विरोध करत नाही, पण क्रम बदलायला सांगतो. मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. त्यांपैकी रस्त्याकडेची कितीतरी खोडापर्यंत काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉकने आवळलेली आहेत. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवतीचे मीटरभर काँक्रीट काढायला सांगितले होते. मुंबईतले जुने वर्षावृक्ष पिठ्या ढेकणाने वाळले. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात शहरात दोन हजारांहून जास्त झाडे कोसळली. गटारे, केबल आणि पदपथांच्या कामांत मुळे तोडली गेली की पुढच्या वाऱ्यात झाड पडते, हे उद्यान विभागातल्या कुणालाही माहीत आहे. वीस वर्षांच्या एका झाडाची सावली भरून काढायला किती रोपे आणि किती वर्षे लागतील? हा विचार केला तर पहिला रुपया मुळांभोवतीची माती मोकळी करायला, खिळे-फलक काढायला, प्रशिक्षित माणसाकडून छाटणी करून घ्यायला जावा, असे हे म्हणणे. पण ‘झाड वाचवले’ यासाठी निधी देणारी योजना जवळजवळ नाही. उद्घाटनही होत नाही.

याच मुद्द्याची दुसरी कडा भरपाईच्या लागवडीची. २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी २,१४१ झाडे तोडली गेली तेव्हा, आणि २०२५ च्या अखेरीस नाशिकच्या तपोवनात कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी सतराशे-अठराशे झाडांचा प्रश्न आला तेव्हाही, दूर कुठेतरी अनेकपट झाडे लावू, हे आश्वासन पुढे आले. एकीकडे तोड आणि दुसरीकडे निधीतून लागवड असे एकाच वर्षात झाले की लोकांचा लागवडीवरचाच विश्वास कमी होतो. लागवडीच्या बाजूने बोलणाऱ्या अनेकांना याची खंत आहे. अनुदानाच्या कामाला लोकांचे हात मिळायचे तर या विश्वासाची गरज टँकरइतकीच आहे. बीडजवळ पालवणला अभिनेते सयाजी शिंदे यांच्या ‘सह्याद्री देवराई’ या संस्थेने लोकांना सोबत घेऊन टेकडीवर झाडे उभी केली आणि २०२० मध्ये तिथे वृक्ष संमेलन भरवले. तिथे हा विश्वास होता.

बाहेरच्या देशांतले धडे

इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये शहरी झाडांसाठी एक कोटी पौंडांचा निधी सुरू झाला, लक्ष्य १ लाख ३० हजार झाडांचे. निम्मा वाटा अर्जदाराने उचलायचा अशी अट होती, पण लावण्याच्या खर्चासोबत पहिल्या तीन वर्षांच्या देखभालीचा खर्चही अनुदानात धरला होता. आपल्याकडच्या चर्चेत नेमके हेच हवे आहे.

अमेरिकेचा अनुभव जास्त बोलका आहे. २०२२ च्या कायद्याने शहरी झाडांसाठी १.५ अब्ज डॉलर ठेवले. पुढच्या वर्षी एक अब्जाहून अधिक रक्कम शहरांना आणि संस्थांना जाहीर झाली. गरीब वस्त्यांना प्राधान्य होते आणि त्यांच्यासाठी स्वतःच्या हिश्शाची अट शिथिल केली होती. मग सरकार बदलले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आर्बर डे फाउंडेशनमार्फत वाटला जाणारा साडेसात कोटी डॉलरचा निधी रद्द झाला आणि न्यू ऑर्लिन्ससारख्या शहरांतल्या छोट्या संस्थांची कामे मधेच अडली. त्याआधीची दोन उदाहरणेही शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. लॉस एंजेलिसने २००६ मध्ये दहा लाख झाडांचा संकल्प सोडला आणि तो निम्म्यावरही गेला नाही. न्यूयॉर्कने २००७ मध्ये तोच संकल्प सोडला आणि २०१५ मध्ये, मुदतीच्या दोन वर्षे आधी, पुरा केला. न्यूयॉर्कमध्ये शहराचा स्वतःचा भांडवली निधी आणि खासगी देणग्या सुरुवातीपासून बांधलेल्या होत्या. बाहेरचा पैसा हा राजकारणाच्या ऋतूंवर चालतो, हे अमेरिकेकडे पाहून कळते. शहराने केवळ त्यावरच अवलंबून राहावे का, हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. नगर वनाची मुदत असते, वित्त आयोगाची पाच वर्षे संपतात, राज्यातली मोहीम नव्या मंत्र्यासोबत नाव बदलते.

न सुटलेले

काही गोष्टींवर आता बरीचशी सहमती दिसते. रोपांची संख्या हे यशाचे माप नाही, स्थानिक जाती हव्यात, देखभालीचा पैसा आधी राखून ठेवावा. यापुढचे मात्र अजून उघडे आहे.

मोजायचे काय? भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्क्यांहून जास्त छत्र असेल तर ते वनाच्छादन धरले जाते. शहरातल्या रस्त्याकडेच्या ओळी, अंगणातले आंबे, शाळेतला वड या मापात येत नाहीत. वृक्षगणना झाडे मोजते, सावली मोजत नाही. नेदरलँड्सचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ‘३-३०-३००’ नियम, म्हणजे प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, वस्तीवर तीस टक्के छत्र असावे, तीनशे मीटरवर बाग असावी, हा चर्चेत आहे. मुंबईच्या किंवा भिवंडीच्या घनतेत तो कितपत लागू पडेल, यावर मतभेद आहेत.

जगण्याची नोंद कोणी करायची? लावणाऱ्या विभागानेच ती केली तर आकड्यांवर विश्वास बसत नाही. तिसऱ्या पक्षाकडून करायची तर तिचा खर्च अनुदानात मान्य नसतो. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना दरवर्षी मे महिन्यात नमुना पाहणी द्यावी, अशी सूचना होते. ती मला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खरी वाटते, पण ती कोणत्याही योजनेच्या अटींत नाही.

वृक्ष उपकराचा हिशेब वेगळा का दिसत नाही, हाही प्रश्न आहे. अनुदान आले की स्वतःचा वृक्ष निधी दुसरीकडे वळतो का, हे कळण्याची सोय अंदाजपत्रकात नसते. काही नागरिक गटांची मागणी अशी आहे की अनुदानाच्या प्रत्येक ठरावासोबत पुढच्या सात वर्षांची देखभाल तरतूद वृक्ष निधीतून बांधून द्यावी. प्रशासनाची अडचण अशी की पुढच्या सभागृहाचे हात आज बांधता येत नाहीत. सात वर्षांची अट २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यातच आली आहे, त्यामुळे माझा कल पहिल्या बाजूला आहे, पण कायदेशीर गुंता खरा आहे.

आणि शेवटी जागेचे. शहरातली सर्वांत तापलेली वस्ती तीच असते जिथे पत्र्याची घरे एकमेकांना टेकलेली असतात आणि गल्ली दोन माणसे जेमतेम जातील एवढी असते. तिथे एक हेक्टर सोडाच, मीटरभर खड्ड्यालाही जागा नसते. नगर वन शहराच्या कडेला होते, बाग नव्या वसाहतीत होते. महापालिका शाळांची मैदाने, स्मशानभूमी, नाल्यांचे काठ, पाण्याच्या टाक्यांखालची मोकळी जागा, शेवगा किंवा भेंडासारखे अरुंद जागेत येणारे झाड, अशा तुकड्यातुकड्यांच्या लागवडीचे प्रस्ताव काही ठिकाणी तयार होत आहेत. हेक्टरच्या दराने पैसा देणाऱ्या योजनांत ते बसत नाहीत. त्यांच्यासाठी वृक्ष निधी वापरायचा, हवा कार्यक्रमाचा पैसा मागायचा की राज्याने वेगळे लेखाशीर्ष उघडायचे, यावर निर्णय झालेला नाही.